हाडं ओल्यात की सुक्यात?

आठवडा झाला, पण माझ्या शर्टाच्या बाहीवरचा भुजिंगाचा, म्हणजे आमच्या वसईकडच्या पोहे घातलेल्या भाजक्या कोंबडीचा, डाग गेला नाही आणि डोक्यातला रागही गेला नाही.

'आपल्या चर्चच्या हरित धर्मग्रामासाठी स्वयंसेवक हवेत,' असं फादर मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, म्हणाले आणि सगळा समुदाय एकाएकी डोळे मिटून प्रार्थनेत गढला. माझे डोळे उघडे राहिले. त्यामुळे 4 ऑक्टोबरला, असिसीच्या संत फ्रान्सिसच्या दिवशी, चर्चच्या आवारातल्या जेवणात मी गळ्यात हिरवा पट्टा घालून दोन डब्यांच्या मधे उभा होतो. हिरवा ओल्या कचऱ्याचा, निळा सुक्याचा. 'डोकं लावायचं काम नाही,' असं समितीने सांगितलं होतं. समितीने आमचे काका पाहिलेले नसावेत.

काका कोट-टाय घालून आले. हातात प्लेट, प्लेटमध्ये भुजिंगाची हाडं.

"काय रे, हाडं ओल्यात की सुक्यात?"

"ओल्यात, काका."

"हे ओलं आहे?" त्यांनी एक तंगडीचं हाड उचलून माझ्या नाकासमोर धरलं. निखाऱ्यावर भाजलेलं ते हाड खरोखरच खडखडीत होतं. "हात लावून बघ."

मी हात लावला नाही. "काका, कुजतं ते ओल्यात."

"म्हणजे लाकूड ओल्यात? आमच्या घराची तुळई आजोबांच्या वेळची आहे. अजून कुजली नाही. तिला कुठे टाकशील?"

"तुळई तुम्ही आणलेली नाही, काका."

"मुद्द्याचं बोल. ही प्लेट?"

"सुक्यात. कागदाची आहे."

इथे काकांनी अंगठ्याचं नख प्लेटच्या कडेत खुपसलं आणि अगदी सावकाश, जखमेवरची चिकटपट्टी काढावी तसा आतला पापुद्रा सोलला. पारदर्शक, तेलकट, वर दोन पोहे चिकटलेले. तो त्यांनी उजेडात धरला. "हे काय?"

"प्लॅस्टिक."

"आणि पोहे ओले, पुठ्ठा सुका. मग आता तिसरा डबा कुठाय?"

मागे रांग लागली होती. कुणीतरी "अहो, टाका की कशातही" म्हणालं. त्यावर काका गर्रकन वळले. "मी हरित वसईच्या मोर्चात होतो! फादर दिब्रिटोंच्या मागे चाललोय. कशातही टाकणाऱ्यातला मी नव्हे!"

आता यावर कोण बोलणार? हरित वसई चळवळीचे नेते फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं नाव निघालं की वसईत आवाज खालीच येतो. बिल्डर आणि पाणी उपसणारे टँकर यांच्याविरुद्ध तेव्हा माणसं रस्त्यावर उतरली, म्हणून थोड्याफार बागायती वाड्या उरल्या. पण त्या मोर्चातला प्रत्येक माणूस आजही मोर्चातच आहे. डब्यापर्यंत कुणी पोचत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये 'लाउदातो सी' हे पर्यावरणाच्या रक्षणावरचं परिपत्रक काढलं. त्यात 246 परिच्छेद आहेत. फादरांनी 211 वा वाचून दाखवला होता. कचरा वेगळा करा, पाणी जपून वापरा, खाल तेवढंच शिजवा, नको असलेले दिवे बंद करा. शिवाय हीटर कमी लावून उबदार कपडे घाला. ऑक्टोबरच्या उकाड्यात काकांचा कोट पाहता त्यांनी हीटरवाला भाग तेवढा मनावर घेतला होता.

शेवटी काकांनी प्लेट माझ्या तळहातावर ठेवली. "धर. तुझं ठरलं की टाक." आणि माझ्याच पट्ट्याच्या टोकाला बोटं पुसून ते आइस्क्रीमकडे गेले.

त्यांच्यामागच्या मावशींनी विचारलं, "इथे द्यायच्या का?" आणि उत्तराची वाट न बघता आपली प्लेट त्यावर ठेवली. मग सगळ्यांनीच. चळत हनुवटीपर्यंत आली. मधल्या कुठल्यातरी प्लेटमधलं भुजिंगाचं तेल मनगटावरून बाहीत शिरलं. हात अडकलेले, त्यामुळे नाकावरची माशीही हाकलता येईना.

खरं सांगायचं तर या प्लेटा यायलाच नको होत्या. स्टीलची ताटं चर्चच्या कोठीत पडून आहेत. पूर्वी ती बायका धूत. यंदा बायका बैठकीत म्हणाल्या, "ताटं काढू, पण पुरुषांनी धुवायची." समितीतल्या तमाम पुरुषांना एकाच वेळी पाठदुखी, दुकान आणि नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) आठवली. दुसऱ्या दिवशी 'पर्यावरणपूरक' असा शिक्का मारलेल्या कागदी प्लेटा हजर. केळीच्या पानांचं नावही कुणी काढलं नाही, आणि हे केळीच्या वसईत! सृष्टीच्या रक्षणावर भाषण द्यायला पाच जण तयार होते. नळाखाली बसायला एक मिळाला नाही. मीही बसलो असतो, पण एकट्याने तीनशे ताटं? छे.

काका परतले तेव्हा तोंडात आइस्क्रीमचा लाकडी चमचा होता. तो काढून त्यांनी खुणेनेच विचारलं, कुठे?

"चावून खा," असं मी म्हणालो. मनात.

या रविवारी मिस्सानंतर सूचना झाल्या. केटरर, मंडपवाले, गायकवृंद, सगळ्यांचे आभार मानले. डबेवाल्याचे राहिले. हरित समितीचे नवे प्रमुख म्हणून काकांचं नाव जाहीर झालं. "प्रश्न विचारणारी माणसं हवीत," फादर म्हणाले. टाळ्या वाजल्या. मग काका माझ्या बाकाशी येऊन खाली वाकले आणि म्हणाले, "तो हिरवा पट्टा जमा कर. धुऊन, इस्त्री करून."