‘ओंदिना’ पळाली नाही आणि बुडालीही नाही

माझ्या भाचीने शाळेतल्या नौदल दिनाच्या भाषणासाठी कुटुंबाच्या ग्रुपवर आलेला एक मजकूर जसाच्या तसा वहीत उतरवला, म्हणून हे लिहिणे भाग पडले. मजकुराचे म्हणणे असे : ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात ‘बेंगाल’ या आपल्या छोट्या सुरुंगशोधक जहाजाने दोन जपानी युद्धनौकांशी लढून एक बुडवली, तीही एकट्याने, सोबतच्या ‘ओंदिना’ या डच तेलवाहू जहाजाचे खलाशी मात्र घाबरून पळाले आणि तेलाने भरलेले ते जहाज बुडाले.

यातला सर्वांत संतापजनक भाग खलाशांच्या पळण्याचा आहे. ‘ओंदिना’वर चार इंची एकच तोफ आणि अवघे ३२ गोळे होते. ते संपेपर्यंत तोफ चालू होती. त्यानंतरच कप्तान विलेम होर्समन यांनी जहाज सोडण्याचा आदेश दिला आणि स्वतः ब्रिजवर गोळ्याचा तुकडा लागून ठार झाले. दोन जपानी जहाजांपैकी उरलेल्या ‘आयकोकु मारू’ने जहाजावर दोन पाणतीर मारले, एवढ्यावर न थांबता होड्यांत बसलेल्या माणसांवर मशीनगन चालवली, त्यात चीफ इंजिनीअरही गेले. शत्रू निघून गेल्यावर हीच माणसे फर्स्ट ऑफिसर रेह्विंकेल यांच्या नेतृत्वाखाली त्या कललेल्या, जळत्या जहाजावर पुन्हा चढली, त्यांनी आग विझवली आणि १८ नोव्हेंबरला जहाज फ्रीमँटलला परत आणले. पळणारे लोक जळत्या जहाजावर परत चढत नाहीत.

बुडाल्याची गोष्ट एका वाक्यात संपते : हे जहाज १९५९ मध्ये भंगारात निघाले. जी. हर्मन गिल यांनी लिहिलेल्या ऑस्ट्रेलियन नौदलाच्या अधिकृत युद्धेतिहासातही (१९६८) त्याचे परतणे नोंदलेले आहे. अर्थात, धुराच्या पडद्याआड दूर गेलेल्या ‘बेंगाल’ने ‘ओंदिना’ गेली असेच कळवले होते, तेव्हा या चुकीला मूळ आहे एवढे मान्य करावे लागते.

‘तेलाने भरलेले’ हेही खोटेच. वाण्याकडे निघालेला माणूस भरलेली पिशवी घेऊन जात नाही. हे जहाज तेल आणायला इराणच्या आखाताकडे निघाले होते आणि त्या रिकाम्या टाक्यांनीच त्याला तरंगत ठेवले. जपानी ‘युद्धनौका’ म्हणजे तोफा बसवलेली, प्रत्येकी दहा हजार टनांहून मोठी प्रवासी-मालवाहू जहाजे होती.

राहिले ‘एकट्याने’. टँकरला निसटता यावे म्हणून लेफ्टनंट कमांडर विल्सन यांनी ‘बेंगाल’ थेट शत्रूवर घातली, हे खरे आणि असामान्य धैर्याचेही आहे. पण बुडालेल्या जपानी जहाजाचा, ‘होकोकु मारू’चा, स्फोट घडवणारा गोळा आपलाच, असे दोन्ही जहाजांचे म्हणणे होते आणि ‘ओंदिना’ची तोफ ‘बेंगाल’च्या बारा पौंडी (तीन इंची) तोफेपेक्षा मोठी होती. मजकुराला जोडलेल्या फोटोत तर तीन-तीन नळ्यांचे तोफबुरूज दिसतात. ‘बेंगाल’वर मुख्य तोफ एकच होती.