मेव्हणा कुठल्या रकान्यात?

सोलापुरात सल्ला विकत घ्यायची पद्धत नाही. पार्क चौकात चहाच्या गाड्यावर उभं राहिलं की मूळव्याधीपासून म्युच्युअल फंडापर्यंत सगळ्यावर फुकट मिळतो. असाच एक फुकटचा सल्ला मला भोवला. लग्नाच्या पंगतीत एका ओळखीच्या काकांनी जिलबी वाढता वाढता वीस वर्षांची विमा पॉलिसी गळ्यात मारली. सहाव्या वर्षी मोडायला गेलो, तर भरले त्याहून कमी पैसे हातात आले. काका अजून भेटतात. अजून आग्रहाने वाढतात.

तेव्हा ठरवलं, आता फी घेणारा गाठायचा. सात रस्त्याजवळ एक तरुण गुंतवणूक सल्लागार सापडला. जायच्या आधी दोन रात्री जागून अभ्यास केला. सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवर त्याचा 'आयएनए'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक तपासला. २०१३ च्या नियमांप्रमाणे, ज्याच्याकडून सल्ल्याची फी घ्यायची त्याच्याच गुंतवणुकीवर कमिशन खाता येत नाही, हेही पाठ केलं. मुलगी बघायला जातानासुद्धा मी एवढी चौकशी केली नव्हती. (हे बायकोसमोर बोललो नाही.)

मे महिना, ४३ अंश. कूलरसमोरची खुर्ची बायकोने पटकावली. मी उलटतपासणी सुरू केली. तो शांतपणे म्हणाला, "सर, माझ्या नावाने चेक फक्त फीचा. गुंतवणुकीचा चेक माझ्या नावाने कधीच लिहायचा नाही. आणि ओटीपी मी मागितला तरी द्यायचा नाही." संशय घ्यायला जागाच ठेवली नाही बेट्याने. माझी तर तयारी वाया गेली.

मग त्याने फॉर्म काढला. उत्पन्न, खर्च, कर्ज, मालमत्ता.

"आणीबाणीसाठी सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे का?" सोलापूरकराला हे विचारायचं? आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. हौद, पिंप, बादल्या, शेवटी तांबेसुद्धा भरून ठेवतो आम्ही. पैशाचं मात्र पिंप कोरडं होतं. मी "आहे थोडं" म्हणालो.

"बाकी काही? सोनं, भिशी?"

"भिशी नाही," मी म्हणालो.

"अहो, दोन आहेत की!" बायको कूलरकडे तोंड करूनच म्हणाली. "दुसरी मला माहीत नाही असं ह्यांना वाटतं."

सल्लागाराने मान वर न करता खोडलं आणि '२' लिहिलं. पेनाचा तेवढा आवाज मला घाम फोडायला पुरे होता. फसवणारा कोण ते शोधायला मी आलो होतो, आणि टेबलाच्या अलीकडेच सापडला.

गप्प बसणं शहाणपणाचं होतं. पण मलाही सूड होताच. "हिच्या भावाला चाळीस हजार दिलेत, उसने. ते मालमत्तेत धरायचे ना?"

"किती वर्षं झाली?"

"सात."

"काही लिहून घेतलंय?"

"मेव्हण्याकडून?"

"मग खर्चात धरू, सर," तो म्हणाला.

बायकोने कूलर सोडून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. बाहेर जास्त गार वाटलं.

तरी माणूस पटला. फी भरली, जुन्या पॉलिसीऐवजी टर्म इन्शुरन्स (निव्वळ आयुर्विमा) घेतला, एक भिशी बंद केली. (कुठली, ते विचारू नका.) आमच्या पैशाचा विषय त्याच्या केबिनबाहेर गेला नाही. इतका भरवसा बसला की गड्ड्याच्या यात्रेत मेव्हणा भेटला तेव्हा मीच त्याला नंबर दिला. तो दुसऱ्याच आठवड्यात जाऊन फॉर्म भरून आला.

मी लगेच सल्लागाराला फोन लावला. "एवढंच सांगा, कर्जाच्या रकान्यात त्याने माझे चाळीस हजार लिहिलेत का?"

"सॉरी सर," तो म्हणाला, "एका क्लायंटची माहिती दुसऱ्याला देता येत नाही."