खांद्याचा वार

पुण्यातल्या कुठल्याही जिममध्ये ‘आज खांदे आहेत’ एवढं मोठ्याने म्हणून बघा. पाण्याच्या बाटल्या घेऊन तीन सल्लागार हजर. पहिल्याच्या मते मानेमागून प्रेस (वजन डोक्यावर ढकलणं) मारल्याशिवाय खांदा गोल होत नाही. दुसरा बोलत नाही, थेट व्हिडिओ दाखवतो. तिसरे काका तालमीतले, ते मुद्गल फिरवायला सांगतात आणि पंचाईत अशी की तिघांत तेच जरा बरोबर असतात.

मला या सगळ्यांना एकच विचारायचं असतं : हात अर्ध्यात सुटला तर काय पडेल आणि कुणावर? हाय इंटेन्सिटी ट्रेनिंगमध्ये निवडीची सुरुवात इथूनच करावी लागते. नॉटिलस मशीनवाल्या आर्थर जोन्सने १९७० च्या दशकात ही पद्धत गाजवली, पुढे शरीरसौष्ठवपटू माइक मेंट्झरने तिला आणखी धार लावली. सेट थोडे, बहुधा एकच. पण तो पुढचा रेप (वजनाची एक पूर्ण उचल) नीट निघेनासा होईपर्यंत. ‘एकच सेट’ ऐकून आळशी माणूस हरखतो. सातव्या रेपपर्यंत हरखलेलाच असतो.

तेव्हा ज्या व्यायामात खांद्याच्या आधी कंबर, पकड किंवा तोल हार मानतो, तो बाद. उभ्याने बारबेल प्रेस तसा खानदानी प्रकार. पण दम संपत आला की कंबर मागे कमान टाकते आणि बघता बघता त्याचा तिरका बेंच प्रेस, म्हणजे छातीचा व्यायाम होतो. ऑलिंपिक वेटलिफ्टिंगमधून प्रेस १९७२ नंतर काढून टाकला, त्यामागेही ही कमान होती. किती वाकणं चालवून घ्यायचं यावर पंचांचं एकमत होईना. जिममध्ये पंच नसतो, आरसा असतो, आणि तो समोर असतो. कमान दिसते बाजूने. त्यामुळे मारणारा खूश आणि शेजारचा धास्तावलेला.

त्यापेक्षा शोल्डर प्रेस मशीन घ्या, नाहीतर पाठ टेकून डंबेल. बेंच अगदी काटकोनात नको, एक खाच मागे. कोपरं थेट बाजूला न ताणता साधारण ३० अंश पुढे ठेवा, कारण खांद्याचं पातंच तेवढं पुढे वळलेलं असतं. तीन सेकंद वर, चार सेकंद खाली. असे आठ रेप्स म्हणजे जवळजवळ एक मिनिट. मोजताना आकडे गिळायचे नाहीत.

फ्रंट रेज, म्हणजे सरळ हाताने वजन समोर उचलणं, मी यादीतूनच काढतो. खांद्याच्या पुढच्या भागाला बेंच प्रेस, डिप्स आणि आता हा प्रेस एवढं मिळालेलं असतं. वर आणखी देणं म्हणजे जेवून आलेल्या पाहुण्याला ताटावर बसवणं, आणि ती पुण्याची रीत नव्हे.

खरी मेहनत मधल्या भागावर. रुंदी तोच देतो, आणि सगळ्यात जास्त फसवाफसवी त्याच्याच वाट्याला येते. पंधरा किलोचे डंबेल उचलून कंबरेच्या झटक्याने लॅटरल रेज (हात बाजूने वर नेणं) मारणाऱ्यांचे खांदे सोडून बाकी सगळे स्नायू सुधारतात. साडेसातने, न झुलता, खांद्याच्या उंचीपर्यंतच न्या. डंबेलची एक खोड आहे : हात खाली असताना खांद्यावर भार जवळपास शून्य, आडवा झाला की सर्वात जास्त. केबलची पुली मनगटाच्या उंचीला लावली तर खालपासूनच ओढ लागते, म्हणून माझं मत केबलला. आणि वर नेताना तांब्यातून पाणी ओतल्यासारखी करंगळी वर करण्याचा जुना सल्ला विसरा. त्या वळणाने खांद्याच्या टोकाखालची स्नायूची कंडरा (टेंडन) चिमटते. शिवाय पुण्यात पाणी असं ओतत नाहीत.

वजन वाढवताना हिशेब करा. साडेसातनंतर रॅकवर थेट दहा असतो, म्हणजे एकदम ३३ टक्के वाढ. एवढी पगारातही होत नाही. आधी आठाचे बारा रेप्स होऊ द्या, मग पुढचा डंबेल.

मागच्या भागासाठी रिव्हर्स पेक डेक, म्हणजे छातीच्या मशीनवर उलटं बसून हात मागे उघडणं. वाकून केलेल्या रेजमध्ये कंबर आधी थकते. इथे छाती टेकलेली असते. हँडल खांद्याच्या रेषेत येईल अशी सीट लावा, आणि पाठीची पाती एकमेकांवर आवळू नका, नाहीतर काम पाठ करते आणि श्रेय खांदा घेतो. हा भाग आरशात दिसत नाही, म्हणून सहसा कुणी करत नाही, म्हणून मशीन रिकामं मिळतं.

मानेमागचा प्रेस आणि अरुंद पकडीचा अपराइट रो (बार अंगालगत हनुवटीकडे ओढणं), दोन्हींना नमस्कार. पहिल्यात हात सुटला तर बार मानेवर येतो.

स्नायूत आग होणं ठीक. पण हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांच्या मध्येच खांद्याच्या टोकाशी कळ येत असेल, तर सेट तिथेच सोडा आणि डॉक्टर गाठा; व्हिडिओवाल्याला विचारू नका.

गणपतीआधी पथकाचा सराव सुरू झाला की ध्वजवाल्यांचं गणित वेगळं. तासभर ध्वज नाचवल्यावर त्या दिवशी प्रेस नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. रिव्हर्स पेक डेकचा एक सेट चालेल. मशीन रिकामं असतंच.