विंचच्या स्प्रिंगबद्दल एक स्टार देणाऱ्या ग्राहकास उत्तर

नमस्कार दादा,

एक स्टार दिलात त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. ‘फसवणूक’ हा शब्द मात्र खुपला, म्हणून उत्तर इथेच, सगळ्यांना दिसेल असं देतोय. आपलं गाऱ्हाणं थोडक्यात असं: बोटीच्या विंचच्या, म्हणजे दोर ओढून ड्रमवर गुंडाळणाऱ्या यंत्राच्या, ब्रेकची जुनी स्प्रिंग नमुना म्हणून दिली आणि हुबेहूब तशीच मागितली. आम्ही दोन दिवस नको ते प्रश्न विचारले. स्टेनलेस म्हणून दिलेल्या स्प्रिंगला चुंबक चिकटतं. नमुन्याला दहा वेढे होते, नवीला नऊच आहेत, म्हणजे आम्ही तार वाचवली. लांबीही जुळत नाही. झिंक प्लेटिंग मागितलं तर नकार दिला आणि भाव मुंबईच्या तिप्पट लावला. शेवटी आपण लिहिलंत, ‘स्प्रिंग ती स्प्रिंग, त्यात एवढं काय?’

चुंबकाचं आधी सांगतो, कारण ‘फसवणूक’ त्यावरूनच आली आहे. ३०४ या नेहमीच्या प्रतीच्या स्टेनलेसचा नरम पत्रा घेतलात तर त्याला चुंबक जवळजवळ लागत नाही. भांड्यांच्या दुकानात लोक अशी परीक्षा करतात, ती तिथे बऱ्यापैकी चालते. स्प्रिंगची तार मात्र थंड अवस्थेतच एकामागून एक बारीक भोकांच्या डायमधून ओढून काढलेली असते. त्या ओढण्यात धातूची आतली रचना थोडी बदलते, काही भागाचं मार्टेन्साइट (वेगळ्या, कडक घडणीचं पोलाद) होतं, आणि मार्टेन्साइट चुंबकाला ओढलं जातं. तार कडक होते ती त्याच ओढण्यात, आणि तो कडकपणा नसेल तर दाबलेली स्प्रिंग परत उठणारच नाही. ३०४ म्हणून कोणी स्प्रिंग आणून दिली आणि तिला चुंबक अजिबात लागलं नाही, तर उलट मला शंका येईल. ३१६ या वरच्या प्रतीत निकेल जास्त असतं, म्हणून तिला चुंबक कमी लागतं. आपल्याला दोन्हींचे भाव सांगितले होते, आपण ३०४ घेतलीत.

याची उलट बाजूही आहे. बाजारात २०० मालिकेचं, कमी निकेलचं आणि जास्त मँगनीजचं स्टेनलेस भरपूर येतं. नरम पत्र्यात त्यालाही चुंबक लागत नाही, आणि आपल्या खाऱ्या वाऱ्यात ते एका पावसाळ्यात तांबूस पडायला लागतं. चुंबक लावून, खात्री करून घेतलेल्या बिजागऱ्या गंजलेल्या तुम्हीही पाहिल्या असतील. तेव्हा चुंबक बाजूला ठेवा. तारेच्या ज्या बंडलातून आपली स्प्रिंग वळली, त्याचं टेस्ट सर्टिफिकेट फाइलला आहे. त्यावर हीट नंबर, म्हणजे धातू वितळवल्याच्या घाण्याचा क्रमांक आहे, क्रोमियम-निकेलचं प्रमाण आहे. त्यावर विश्वास नसेल तर कुठल्याही लॅबमध्ये स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर, तपासून घ्या.

आता वेढे. आपली जुनी स्प्रिंग साध्या कार्बन स्टीलच्या तारेची होती, स्प्रिंगच्या तारेचं भारतीय मानक आयएस ४४५४, त्याच्या पहिल्या भागात बसणारी. स्टेनलेस तार त्याच मानकाच्या चौथ्या भागात येते. पिळाला विरोध करण्याची ताकद कार्बन स्टीलची साधारण ८० गीगापास्कल, तर स्टेनलेसची ७० च्या आसपास. म्हणजे तीच ५ मिलिमीटरची तार, तोच व्यास, तेवढेच वेढे ठेवले तर स्टेनलेसची स्प्रिंग आठवा हिस्सा मऊ होते. ब्रेक तेवढा ढिला लागतो. हे भरून काढायला तार जाड करता येते किंवा वेढे कमी करता येतात, कारण वेढे जितके कमी तितकी स्प्रिंग कडक. नमुन्याच्या दहा वेढ्यांतले दोन टोकांचे, टेकायचे. काम करणारे आठ. आठाला ७०/८० ने गुणलं की सात येतात. सात आणि टोकांचे दोन मिळून नऊ. एवढंच गणित आहे. एका वेढ्याची तार वाचवून मी श्रीमंत होणार नाही.

तार जाड का नाही केली, असं आपल्या ओळखीच्या फिटरने विचारल्याचं लिहिलंय. प्रश्न चांगला आहे. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ५ ची ५.५ केली तर जाडी दहा टक्केच वाढते, पण स्प्रिंग जवळजवळ दीडपट कडक होते. पुढे तो ब्रेक सोडवायला तांडेलाला लिव्हरवर लोंबकळावं लागलं असतं. हव्या त्या मधल्या मापाची तार प्रत्येक वेळी मिळत नाही. वेढा कमी-जास्त करणं आपल्या हातात असतं.

लांबीचं उत्तर आपल्याच बोलण्यात होतं. आम्ही ‘नको ते’ प्रश्न विचारले त्यातला एक होता, ‘ब्रेक घसरतो का?’ आपण म्हणालात, वर्षभर घसरत होता, म्हणून खाली वॉशर घालून चालवली. वॉशर मोजले, ८ मिलिमीटर भरले. म्हणजे जुनी स्प्रिंग तेवढी बसली होती, दबून कायमची आखूड झाली होती. दर मिलिमीटरला सव्वा किलोच्या आसपास दाब देणारी ती स्प्रिंग, म्हणजे ८ मिलिमीटरला दहा किलोंचा दाब गेला. आम्ही हुबेहूब नमुना बनवून दिला असता तर बसलेली स्प्रिंगच नवी करून दिली असती, आणि वॉशर परत शोधावे लागले असते. आपली नवी स्प्रिंग वळल्यावर, सुमारे ३५० अंशांच्या भट्टीत ताण काढल्यावर, वेढ्याला वेढा टेकेपर्यंत पुन्हापुन्हा दाबून घेतली आहे. जी काही बसायची ती आमच्याकडेच बसून झाली, आणि लांबी त्यानंतर मोजली आहे.

झिंकला नकार दिला तो आपल्याला जुन्यासारखी कार्बन स्टीलचीच, पण चकचकीत हवी होती तेव्हा. तो आजही देईन. प्लेटिंगच्या आधी तार ॲसिडमध्ये बुडवतात, मग विजेवर झिंक चढवतात. दोन्ही वेळा हायड्रोजन तयार होतो आणि इतक्या कडक तारेत शिरतो. स्प्रिंग वरून छान दिसते, बसवली की चालतेही, आणि काही तासांनी किंवा दिवसांनी भार असतानाच काचेसारखी तुटते. यावर उपाय आहे. प्लेटिंग झाल्याबरोबर, चारेक तासांच्या आत, २०० अंशांच्या आसपास कित्येक तास भाजायची. ज्याचं भाजणं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, त्याच्या प्लेटिंगवर विंचच्या ब्रेकची स्प्रिंग मी सोडत नाही. ब्रेक सुटला तर ड्रमजवळ उभ्या असलेल्या खलाशाचा हात जातो. शिवाय झिंकचा तो पातळ थर डेकवर टिकणार किती?

‘स्प्रिंग ती स्प्रिंग’ याबद्दलही थोडं लिहितो, कारण असं म्हणणारे आपण एकटे नाही. आपल्याच बोटीवर बघा. ब्रेकला दाबाची स्प्रिंग आहे, आणि ते मुद्दाम केलेलं आहे. ती मधूनच तुटली तरी तुकडे एकमेकांवर टेकतात आणि थोडाफार दाब राहतो. ओढीची स्प्रिंग तुटली की काहीच उरत नाही, आणि ती बहुतेक वेळा तुटते ती हुकच्या वाकणात. म्हणून कोणी ओढीची स्प्रिंग आणली की मी आधी हुक पाहतो, वेढे नंतर. इंजिनच्या व्हॉल्व्हला काही ठिकाणी एकात एक दोन स्प्रिंगा असतात, एक डावी वळलेली, एक उजवी, म्हणजे वेढे एकमेकांत अडकत नाहीत. जुन्या धाटणीच्या इंजेक्टरमध्ये डिझेल किती दाबाला सुटायचं ते स्प्रिंग ठरवते. तिथे मेकॅनिक शिम (पातळ चकती) घालतो ते योग्यच, कारण ती रचनाच तशी आहे. ब्रेकखालच्या वॉशरला तो नियम लावू नका.

बोटीबाहेर तर यादी लांबत जाते. लोट्याच्या केमिकल कारखान्यांत बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हवर दाबाची स्प्रिंग असते. गरम-थंड होणाऱ्या फ्लँजच्या (पाइपच्या जोडाच्या कडेच्या) बोल्टखाली बशीसारख्या चकत्या लावतात, त्यांना बेलेव्हिल म्हणतात, हे नाव १८६७ च्या फ्रेंच पेटंटपासूनचं. दोन चकत्या एकीत एक ठेवल्या तर ताकद दुप्पट, तोंडाला तोंड लावून ठेवल्या तर हालचाल दुप्पट. परशुराम घाट चढणाऱ्या ट्रकखाली पाटे असतात, आणि पाट्यांच्या एकमेकांवर घासण्यानेच त्यांचा हेलकावा मुरतो. कोकण रेल्वेचा रूळ स्लीपरला धरून ठेवणारी ती वाकडी क्लिपही स्प्रिंगच आहे. दुकानाच्या शटरमधली पिळाची. गंमत अशी की पिळाच्या स्प्रिंगमध्ये तार वाकते आणि दाबाच्या स्प्रिंगमध्ये तार पिळली जाते. मला हे पटायला बराच वेळ लागला होता. प्रत्येकीचं गणित वेगळं, मोडायची जागा वेगळी. म्हणून प्रश्न विचारावे लागतात.

भावाचं थोडक्यात. मुंबईत मशीनवर एका मापाच्या हजारो निघतात, आणि तो माल वाईट असतो असं मी म्हणणार नाही. आपलं माप तयार मिळत असेल तर खुशाल तिथून घ्या, मीच पत्ता देईन. आपल्याला हव्या होत्या मोजक्या. त्यासाठी लेथवर मँड्रेल, म्हणजे ज्यावर तार वळतात तो दांडा, वेगळा लागतो, तोही मापापेक्षा बारीक, कारण वळून सोडली की स्प्रिंग उघडते. किती उघडेल ते एकदोन वाया घालवल्याशिवाय कळत नाही, आणि त्या वाया गेलेल्या तारेचे पैसे भावात येतात. टोकं घासणं, भट्टी, लोड टेस्ट यांचेही येतात. शिवाय स्टेनलेस तार मुळातच महाग.

३०४ असली तरी डेकवर मिठाचे तपकिरी डाग तिच्यावर येतील. ते गंजून तुटायचं लक्षण नव्हे, पण फेरीहून आल्यावर गोड्या पाण्याने धुतली तर जास्त टिकेल.

राहता राहिला पैशांचा प्रश्न. एक स्प्रिंग काढून घेऊन या. आमच्या टेस्टिंग मशीनवर आपल्यासमोर १० मिलिमीटर दाबू. १२ किलोंच्या आसपास आकडा आला नाही, किंवा लॅबने ३०४ नाही असं लिहून दिलं, तर सगळे पैसे लॅबच्या फीसकट परत. बोट मिरकरवाडा बंदराला लागलेली असेल आणि स्प्रिंग काढणं जमत नसेल तर आदल्या दिवशी फोन करा, आमचा माणूस पाना आणि काटा घेऊन जेटीवर येईल. तोवर खाली एकही वॉशर घालू नका.