मिरज जवळ आहे, पण एवढी पण नाही

सांगलीत कोण पण चक्कर येऊन पडू दे, गर्दीतनं पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी मिरजेला न्या!" खरंय, १८९४ ला मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी तिथं दवाखाना काढला तेव्हापासनं मिरज म्हणजे डॉक्टरांचं गाव, कर्नाटकातनं पेशंट येतात. पण हृदयच बंद पडलं असेल तर मिरजेच्या वाटेवरच्या विश्रामबागेतनं निघालं तरी उशीरच होतो राव. चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते, छाती दाबली नाही तर दर मिनिटाला वाचायचे चान्स ७ ते १० टक्क्यांनी कमी होतात, मग रिक्षात मुडपून टाकलेल्या माणसाला पुढे कुठला पण स्पेशालिस्ट काय करणार?

आमचे मामा सांगलीतल्या आमराई बागेत फिरताना हृदय बंद पडून पडले. घोरल्यासारखे आचके देत होते म्हणून लोक म्हणले श्वास चालू आहे, एकानं फिट समजून चप्पल हुंगवली (कांदा मिळाला नाही, नाहीतर तो पण झाला असता). तसले आचके म्हणजे श्वास नव्हेच. कुपवाड एमआयडीसीतला एक पोरगा होता, कंपनीत ट्रेनिंग झालेलं, त्यानं एकाला १०८ लावायला सांगितलं आणि छातीच्या मधोमध हातावर हात ठेवून दाबायलाच लागला, दोन इंच खाली जाईल असं, मिनिटाला १००-१२० वेळा. "अरे बरगड्या मोडतील!" म्हणणारे होतेच. मोडल्या पण. बरगड्या जुळतात की.

मामा घरी आले, पेढे झाले, आणि सगळ्यांना वाटलं विषय संपला. नाही हो. तीच गोष्ट परत परत विचारतात, मधेच चिडतात, दुपारपर्यंत गळून जातात, आणि मामी रात्री उठून त्यांच्या छातीवर हात ठेवून बघते. डिस्चार्जच्या फायलीत गोळ्यांची ही एवढी यादी, पण मेंदूला रक्त कमी पडलं की असं विसरायला होतं, बायकापोरं पण घाबरून जातात, हे कुणी पाच मिनिटं बसवून सांगू नये? वर पाहुणे येऊन सांगणार, तो डेन्मार्कचा फुटबॉलवाला एरिक्सन २०२१ मध्ये मॅचमध्ये पडला आणि आठ महिन्यांत परत खेळला! अहो, त्याला मैदानातच लगेच मशीननं हृदयाला विजेचा शॉक दिला होता. आपल्याकडे आमराईत नाहीतर एसटी स्टँडवर तसलं मशीन कुठं ठेवलंय, कुणाला माहितेय का?

आणि भेटायला येणाऱ्यांनी केळी, बिस्किटं आणू नका आता, दुपारचं या आणि मामांजवळ तासभर बसा, तेवढीच मामी झोपेल.