चबचे डोहाळे

मुलुंडच्या मासळी बाजारात मला मान आहे. कल्ला उचलून लाली बघायची, पोट बोटाने दाबून खड्डा भरून येतो का ते पाहायचं, डोळा वर आहे की आत गेलाय ते तपासायचं आणि मग नाक मुरडून पुढच्या पाटीकडे जायचं, हे मी गेली 35 वर्षं करत आलोय. "काका, घ्यायचं नसेल तर हात नका लावू, मासा लाजतो," असं आमची नेहमीची कोळीण म्हणते. तर आजवर मासा मी निवडला. मासा आपल्याला निवडणार आणि आपण त्याच्या पसंतीला उतरायचं, ही वेळ वयाच्या 63व्या वर्षी आली.

झालं असं, की आमच्या कन्येला दिवस गेले. ती नॉटिंगहॅमला असते. घर दोन खोल्यांचं, त्यामुळे पाहुण्यांच्या पाळ्या लावल्या. पहिली पाळी आमची, डोहाळजेवणाची : 2 मे ते 15 जून. 16 जूनला व्याही आणि विहीणबाई तिथे उतरणार. तिकिटं हिने काढली, स्वस्त पडली म्हणून दोन दिवस खूश होती. जावई ऑक्टोबरपासून ट्रेंट नदीवर गळ टाकायला लागला होता. फोनवर म्हणाला, "बाबा, तुम्ही आलात की आपण मोठा चब पकडू. आमिष तेवढं तुम्ही ठरवा. तुम्हाला माशातलं कळतं."

सासऱ्याला गळाला लावायला एवढं आमिष पुरतं.

चब हा तिकडच्या नद्यांतला, रोहूच्या गोतातला मासा. जाड मान, पितळी झाक असलेले खवले आणि चेहऱ्याच्या मानाने अंमळ मोठंच तोंड. पाव, चीज, गांडूळ, लहान मासे, स्लग म्हणजे गोगलगायीची बिनशंखाची बहीण, यातलं त्या तोंडाला काहीही चालतं. काठावरच्या झाडाची पिकून पाण्यात पडणारी एल्डरबेरीसुद्धा तो सोडत नाही. पाच पौंडांचा म्हणजे सव्वादोन किलोचा मिळाला तर माणूस वर्षभर सांगत सुटतो. ब्रिटनचा विक्रम 9 पौंड 5 औंसांचा आहे. एवढं सगळं खाणारा प्राणी पकडायला सोपा असेल असं मलाही वाटलं होतं. पण चब हे सगळं खातो, आज यातलं काय खाणार ते मात्र सांगत नाही. त्यात भित्रा. काठावर सावली हलली की पसार. लग्नघरी "मला काय, काहीही चालेल" म्हणणारे पाहुणे असतात, त्यांना एकदा वाढून बघा म्हणजे चब कळेल.

"आणि लागतो कसा चवीला?" हिचा पहिला प्रश्न.

"काटेच फार. तिकडे खात नाहीत. पकडायचा, वजन करायचं, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा."

ही बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे माझ्या लेकीचा नवरा थंडीत चार-चार तास नदीवर बसतो आणि रिकाम्या हाताने घरी येतो?"

"फोटो असतो ना."

"फोटोला फोडणी देऊ?"

त्यानंतर आमच्या घरात दर रविवारी दोन आघाड्यांवर डोहाळे सुरू झाले. व्हिडिओ कॉल लागला की ही डायरी घेऊन लेकीला विचारणार : कैरी हवीशी वाटते का, चिंच, आंबोशी, मेतकूट? तिचं झालं की मी दुसरी डायरी घेऊन जावयाला विचारणार : थंड पाण्यात काय, गढूळ पाण्यात काय, संध्याकाळी काय? दोन्ही डायऱ्या मला ऑफिसातून एकाच साली मिळालेल्या, कव्हर सारखंच. व्हायचं तेच झालं. एका रविवारी हिने चष्मा लावून माझी डायरी उघडली आणि गंभीर आवाजात लेकीला म्हणाली, "'स्लग, काळी, मोठी, ओलसर, मिळाल्यास दोन.' बाळा, असं काही खावंसं वाटत असेल तर आधी डॉक्टरांना सांग."

मॅगॉट म्हणजे अळ्यांचा विषय लवकर आटोपला. तिकडे त्या दुकानात पाइंटच्या मापाने विकत मिळतात, बिअर मिळते तशा, आणि फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात नाहीतर त्यांच्या माश्या होतात. त्या फ्रिजमध्ये डोश्याचं पीठही असतं, ही बातमी हिला कळली. त्या रात्री मुलुंड ते नॉटिंगहॅम काय बोलणं झालं ते मी लिहीत नाही. अळ्या यादीतून गेल्या. हवाबंद डब्यातलं लंचन मीट म्हणजे डुकराचं, ते हिच्या कानावर घालायची माझी छाती झाली नाही.

पावाकडे आलो तेव्हा मात्र मला हुरूप आला. पावाच्या बाबतीत मुंबईच्या माणसाला कुणी शिकवू नये. जावयाचं म्हणणं असं : ताज्या पांढऱ्या पावाचा गर चिमटीत घ्यायचा, 6 नंबरच्या गळाच्या दांडीवर दुमडायचा आणि फक्त दांडीपाशी दाबायचा. कडा मोकळ्या सोडायच्या, म्हणजे पाण्यात त्या फुलतात आणि तुकडा हळूहळू खाली जातो. (गळाचे नंबर उलटे असतात. 6 मोठा, 16 बारीक. हे मला तीन फोन झाल्यावर कळलं, तोवर मी चबला मांदेलीच्या मापाने मोजत होतो.) वरचं कवच वापरलं तर ते तरंगतं आणि चब वर येऊन ओढतो. आता सांगा, यासाठी कवच ब्रुनचं चांगलं की कडक पावाचं? आणि गर लादी पावाचा की स्लाइसचा? जावयाने आयुष्यात हा विचार केलेला नाही. तिकडच्या लोकांकडे पाव पुष्कळ, पावाचा विचार नाही.

मी बाथरूममधल्या बादलीत प्रयोग मांडला. लादी पावाचा गर दोन मिनिटांत गळावरून सुटला. स्लाइसचा सात मिनिटं टिकला. ब्रुनचं कवच वीस मिनिटं झाली तरी तरंगतच होतं. मी घड्याळ आणायला गेलो तेवढ्यात हिने त्याच बादलीत गीझरचं पाणी सोडून आंघोळ उरकली. पुढे दोन दिवस तिच्या केसांत पावाचा चुरा निघत होता. आणि घरात पाव तर रोज, पण मिसळ केली की एकही नाही, अशी परिस्थिती.

मग चीज. किसलेलं चेडर, थोडं निळं बुरशीचं चीज आणि बांधायला मैद्याचं पीठ, असा गोळा मळतात. त्याला इतका वास सुटतो, की तो प्रवाहात खालपर्यंत जातो आणि चब त्या वासावर चढत येतो. थंड पाण्यात हा गोळा दगडासारखा होतो, म्हणून हिवाळ्यात तेल घालून सैल मळायचा. ही तिकडची अडचण. मुलुंडच्या एप्रिलात माझा गोळा गळाला लावेपर्यंत मनगटावरून कोपरापर्यंत पोचला. निळ्या चीजचा भाव ऐकून मी त्याऐवजी हिंग घातला. माशाच्या आमिषात हिंग घालण्याची चाल परदेशातही जुनी आहे, मी काही जगावेगळं केलं नाही. दुधाचे पदार्थ इथून तिकडे नेता येत नाहीत हे मला ठाऊक होतं, पण हात बसायला हवा ना.

गोळा डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी हिची भिशी होती. संध्याकाळी मी घरी आलो तर सात बायका शंकरपाळ्या खात बसलेल्या. "अगदी वेगळी चव आहे हो, हिंगाची कल्पना कुणाची?" ही विजयी मुद्रेने म्हणाली, "यांची." पुढच्या भिशीला तेच करायचं ठरलंय. चबच्या तोंडी तो गोळा कधीच जाणार नाही, पण सोसायटीत त्याला मागणी आहे.

आमिष निम्मंच ठरलं होतं तोवर रिग आली. रिग म्हणजे तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा), वजन आणि गळ यांची जुळणी. चबसाठी साधी सुटसुटीत : तंगुसावर सरकणारा आखूड दोरा, त्याला वजनाचे दोन-तीन ठसठशीत मणी, पुढे हातभर तंगूस आणि गळ. काठीचं टोक इतकं लवचीक, की मासा आमिषाला लागला की ते थरथरतं. थरथर ओळखायचा सराव मी दिवाणखान्यात केला. काठी माझ्याकडे, दोरीचं टोक स्वयंपाकघरात हिच्याकडे. तिने ओढलं की मी झटका द्यायचा. तिने एकदाच ओढलं, "चहा झाला" हे सांगायला, आणि मी दिलेल्या झटक्याने गाळणं पंख्यापर्यंत गेलं.

दुसरी एक रिग आहे, तिला हेअर रिग म्हणतात. तिच्यात आमिष गळात ओवायचंच नाही. गळाला केसासारखा बारीक दोरा बांधून त्याला आमिष लोंबतं ठेवायचं. मासा निःशंक मनाने आमिष ओढून घेतो, पाठोपाठ उघडा गळ तोंडात. आता त्यासाठी वेगळा दोरा मिळतो, पण सुरुवातीच्या प्रयोगांत खरोखर माणसाचा केस वापरला होता. मी आरशात पाहिलं. माझ्याकडे प्रयोगापुरताही माल नव्हता. म्हणून हिच्या कंगव्यातले लांबसे चार केस काढून डबीत ठेवत होतो, तर ही मागे उभी. "कुणी काही करायला सांगितलंय का तुम्हाला?" तिने अगदी हळू आवाजात विचारलं. शनिवारी माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या.

खऱ्या पाण्याचा सराव मुंबईत कुठे करणार? पवई तलावात मगरी आहेत, ते ऐकूनच हिने नकार दिला. मिठी नावाची नदी आपल्याकडे आहे हे बऱ्याच मुंबईकरांना 26 जुलै 2005ला ती घरात आली तेव्हा कळलं. तिच्यात पाव टाकला तर पाव आजारी पडेल. शेवटी सोसायटीची गच्ची गाठली.

एप्रिलमधली गच्ची म्हणजे वाळवणाचं राज्य. मी पाण्याच्या टाकीपाशी उभा राहून, काठी मागे नेऊन, तंगूस सोडलं. वजन सुंदर कमान करत गेलं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडयांत बरोबर मधोमध पडलं. मी घाबरून गुंडाळायला लागलो तर गळाला कुरडई! अर्धी ओली, अर्धी वाळलेली, गव्हाच्या चिकाची, गळावर अशी बसलेली की निघता निघेना. मी ती तशीच घरी नेऊन बादलीत सोडली. चाळीस मिनिटांनी ती फुगली होती, पांढरीशुभ्र झाली होती, जाळी मोकळी सुटली होती, आणि गळावरून तसूभरही हलली नव्हती. आतला गाभा लादी पावाहून मऊ, चिवटपणा चीजच्या गोळ्याहून जास्त. विमानात न्यायलाही अडचण नाही. बादलीपाशी उकिडवा बसल्या बसल्या माझे डोळे भरून आले. काकूंना मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी नुकसानभरपाई म्हणून माझ्याकडून दोन किलो गहू घेतले आणि अर्धवट वाळलेल्या तीस कुरडया पिशवीत बांधून दिल्या. वर, "परदेशी मासा आहे, मीठ बेताचंच घातलंय," असंही म्हणाल्या.

त्याच रविवारी जावयाचा फोन. आवाज पडलेला. बसायला चांगली जागा बघावी म्हणून तो नदीवर गेला होता, तिथे कुत्रा फिरवणाऱ्या एका गृहस्थांनी त्याला सांगितलं : इंग्लंडच्या नद्यांत 15 मार्च ते 15 जून चब पकडायला बंदी असते, विणीचा हंगाम म्हणून. हा ऑक्टोबरात गळ टाकायला लागलेला, त्याला कुठून कळणार?

"15 जूनपर्यंत म्हणजे 15 धरून?" मी विचारलं.

"धरून. 16 पासून सुरू."

हिने स्वयंपाकघरातून मान बाहेर काढून विचारलं, "मासे तरी डोहाळजेवणं करतात का हो, की सरळ बाळंतपण?" मी उत्तर दिलं नाही.

जावई गुणी मुलगा आहे. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाला, "बाबा, तुमची मेहनत फुकट जाणार नाही. आमचे अण्णा 16 तारखेला येतायत, मी त्यांना तुमची सगळी यादी पाठवलीय." अण्णा म्हणजे आमचे व्याही. जन्माचे शाकाहारी. मासा त्यांनी पाहिलाय तो पंचांगातल्या मीन राशीवर.

काल रात्री साडेनऊला अण्णांचा फोन आला. आधी प्रकृतीची चौकशी, मग पावसाची, मग थोडा खाकरा.

"यादी वाचली हो तुमची, फार अभ्यास केलात. चीज, पाव समजलं. आमच्या घरी कुरडया आहेतच, त्यामुळे तोही प्रश्न नाही. फक्त एक शंका होती." ते जरा थांबले. "तळून न्यायच्या का?"