"श्रावणबाळाच्या देशात पेन्शन कशाला?" म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय, "फुकट पेन्शन बंद करा, देश वाचवा" म्हणून. मी एरवी असले मेसेज डिलीट करते आणि विसरते. पण हा भिशीच्या ग्रुपमधून माझ्या आत्याच्या फोनवर पोचला आणि ती मला म्हणाली, यंदा समग्रचं (मध्य प्रदेशातल्या सरकारी योजनांच्या नोंदणीचं) केवायसी राहू दे, लोक फुकटे म्हणतात. आत्या ६७ वर्षांची. आतोबा लवकर गेले, तिने आयुष्यभर लोकांकडे पोळ्या लाटल्या, आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून एकाच घरी जाते. तिला महिन्याला ६०० रुपये पेन्शन मिळते. त्या ६०० रुपयांची तिला लाज वाटायला लावलीये या मेसेजने, म्हणून लिहितेय, आणि रागातच लिहितेय.

ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी मेसेज थोडक्यात सांगते. म्हाताऱ्यांना वाटून वाटून सरकारी तिजोरी रिकामी होतेय. श्रावणबाळाच्या देशात मुलं सांभाळतात, पेन्शन दिली की परदेशासारखी कुटुंबं मोडतात. तरुणपणी ज्यांनी बचत केली नाही त्यांची जबाबदारी आमच्यावर का. आयुष्मान कार्ड, रेल्वेत सूट, अटल पेन्शन एवढं दिलंय, अजून काय पाहिजे. आणि शेवटी, निम्मी पेन्शन मेलेल्या लोकांच्या नावावर जाते.

आधी तिजोरीचं बघू. म्हाताऱ्यांची, विधवांची, अपंगांची पेन्शन केंद्राच्या ज्या सामाजिक सहायता कार्यक्रमातून जाते त्याला २०२५-२६ च्या बजेटमधे ९,६५२ कोटी होते. ऐकायला मोठा आकडा आहे, पण एकूण बजेट ५० लाख ६५ हजार कोटींचं, म्हणजे १०० रुपयांत १९ पैसे. यातून तिजोरी रिकामी होते असं लिहिणाऱ्याने भागाकार तरी करायचा होता.

आणि मिळतं किती? ही योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली तेव्हा महिना ७५ रुपये होते. २००६ मधे २०० केले. २०११ मधे ८० वर्षांवरच्यांना ५०० केले. बस, तिथेच थांबलंय. ६० ते ७९ वयाच्या माणसाला केंद्र आजही २०० रुपयेच देतं, आणि २००६ पासून भाव तिपटीहून जास्त झालेत. बाकीचे पैसे राज्याने घालून आपल्या एमपीत ६०० होतात, म्हणजे दिवसाचे २० रुपये. त्यात अर्धा लिटर दूध येत नाही, महिन्याभराच्या पैशात गॅसची एक टाकी येत नाही. त्यातही किती जणांना द्यायची याची मर्यादा २००१ च्या जनगणनेवर बेतलेली आहे, मधल्या काळात किती लोक म्हातारे झाले त्याचा हिशेबच नाही.

आता आपल्याच राज्यातली एक गोष्ट बघा, जी मला कुणी समजावून सांगू शकलेलं नाही. लाडली बहना या बायकांसाठीच्या योजनेचे महिना १,५०० रुपये वयाच्या साठीपर्यंत मिळतात. मिळावेत, माझा विरोध नाही. पण साठी झाली, कामं सुटायला लागली, की तीच बाई त्या यादीतून बाहेर, आणि मग ६०० ची पेन्शन, तीही बीपीएल, निराश्रित, कल्याणी (म्हणजे विधवा) अशा कुठल्या तरी खान्यात बसली तर. कमावायची ताकद जाते नेमकी तेव्हाच मदत निम्म्याहून कमी होते.

हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांमधे दोन-तीन रिटायर्ड काका आहेत, सगळे माझ्या वडिलांच्या ओळखीचे. काका, तुमची पेन्शन तुमच्या नोकरीची आहे, हक्काची आहे, त्यावर माझं काहीच म्हणणं नाही. पण तुमचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा ठरतो, आणि जिने तुमच्याच कॉलनीत पोळ्या केल्या तिचे २०० रुपये इतक्या वर्षांत एकदाही हलले नाहीत, हे तरी मेसेज पाठवण्याआधी आठवायला हवं होतं.

आता श्रावणबाळ. सगळ्यात जास्त चीड या मुद्द्याची आहे कारण हा ऐकायला गोड लागतो आणि नुकसान सगळ्यात जास्त हाच करतो.

पहिलं म्हणजे गरीब म्हाताऱ्यांची मुलंही बहुतेक गरीबच असतात. मेसेज लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर पुण्याला नाहीतर बंगलोरला नोकरी करणारा, दर महिन्याला पैसे पाठवणारा मुलगा आहे. आत्याचा मुलगा पीथमपूरला ठेकेदाराकडे आहे, काम असेल त्या महिन्यात पगार, दोन पोरींच्या फिया, घरभाडं. तो वाईट मुलगा नाहीये, आईवर जीव आहे त्याचा, पण त्याच्या खिशात नाहीच तर देणार कुठून? संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईची आयआयपीएस ही लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था यांचा भारतातल्या वृद्धांवरचा २०२३ चा रिपोर्ट आहे. देशातल्या म्हाताऱ्या माणसांपैकी ४० टक्क्यांहून जास्त सगळ्यात गरीब पाचव्या हिश्श्यात येतात आणि १८.७ टक्के लोकांना स्वतःचं काहीच उत्पन्न नाही, असं त्यात आहे. ही माणसं याच श्रावणबाळाच्या देशातली आहेत.

दुसरं, "आपली संस्कृती आहे, आपल्याला गरज नाही" याचं उत्तर दक्षिण कोरियात मिळतं. आईवडिलांची सेवा हा तिथे आपल्याइतकाच, कदाचित जास्तच, मोठा धर्म. त्याच भरवशावर राष्ट्रीय पेन्शन उशिरा आली, १९८८ मधे, आणि तोवर वय झालेल्या बऱ्याच लोकांना तिच्यातून नावापुरतंच मिळालं. देश श्रीमंत झाला, मुलं शहरात गेली, घरं लहान झाली, आणि म्हातारे मागे राहिले. आज ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या देशांमधे म्हाताऱ्यांची गरिबी सगळ्यात जास्त कोरियात आहे, ४० टक्क्यांच्या आसपास, तिथे सत्तरीची माणसं रस्त्यावरचे पुठ्ठे गोळा करून विकतात. शेवटी २०१४ मधे सरकारला वेगळी बेसिक पेन्शन आणावी लागली. संस्कृती होती, पैसा होता, पेन्शन नव्हती, आणि त्याचं हे झालं. ज्या अमेरिकेचं नाव मेसेजमधे वाईट उदाहरण म्हणून आहे तिथे १९५९ मधे म्हाताऱ्यांपैकी ३५ टक्के गरीब होते, आता १० टक्क्यांच्या आसपास आहेत, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शनचा.

राहिलं कुटुंब मोडण्याचं. उलट आहे हो. दक्षिण आफ्रिकेत म्हाताऱ्यांची पेन्शन वाढली तेव्हा त्या घरांचा अभ्यास एस्थर डुफ्लो यांनी केला, २०१९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलवाल्या त्याच. त्यांना असं दिसलं की आजीच्या हातात पेन्शन येते त्या घरातल्या नातींचं वजन-उंची सुधारते. आजी पैसे घेऊन घर सोडून पळाली नाही, नातींना खायला घातलं. यात नवल काय, आपल्या घरात बघा ना. आत्याच्या बीपीच्या गोळ्या आणि धाकट्या नातीच्या वह्या त्या ६०० मधूनच येतात, आणि पेन्शन येते त्या दिवशी ती सुनेशी बरोबरीने बोलते, दर वेळी मागायला लागत नाही. म्हातारं माणूस घरात नकोसं होतं ते बहुतेक वेळा हात रिकामे असतात म्हणून.

आणि मुलं सांभाळतातच असं असतं तर २००७ मधे आईवडिलांच्या पोटगीचा कायदा कशाला करावा लागला असता? त्यात एसडीएमकडे (प्रांताकडे) अर्ज करता येतो, महिना १०,००० पर्यंत पोटगी मिळू शकते. पण पोटच्या मुलावर अर्ज करायला किती आया धजतात ते आपण सगळे जाणतो. बरं, महाराष्ट्र सरकारच्या म्हाताऱ्यांसाठीच्या पेन्शन योजनेचं नावच "श्रावणबाळ" आहे, तेव्हा पेन्शनच्या विरोधात श्रावणबाळाला उभं करणं तरी थांबवा.

"बचत का नाही केली" हे इंदूरमधे राहून विचारणं मला सहनच होत नाही. हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली, हजारो कामगार घरी बसले, त्यात आपली मराठी घरंही होती. बचत केलेलीच होती त्यांनी, आयुष्यभराची, पण देणी अडकली ती अडकलीच. कोर्ट, लिक्विडेटर, तारखा, आणि सुमारे २२४ कोटींचा चेक निघाला २५ डिसेंबर २०२३ ला. तीस वर्षांहून जास्त. परदेशीपुरा, नंदानगरच्या किती कामगारांच्या जागी तो पैसा घ्यायला त्यांच्या बायका-मुलं गेली. आणि ज्यांचा पीएफ नीट कापला जात होता त्यांचं तरी काय, पीएफबरोबरच्या ईपीएस या पेन्शन योजनेची किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयेच आहे. देशात दहातले नऊ कामगार असंघटित, त्यांना तेवढीही नाही.

बाकीचं भराभर. अटल पेन्शन २०१५ ची, १८ ते ४० वयातच घेता येते, म्हणजे तेव्हा चाळिशीत घेतलेल्यालाही पहिली पेन्शन २०३५ मधे मिळणार, आजच्या म्हाताऱ्यांना तिचा काही उपयोग नाही. रेल्वेतली सूट मार्च २०२० मधे बंद झाली, परत सुरूच झाली नाही, मेसेज लिहिणाऱ्याने तेव्हापासून म्हाताऱ्या माणसाचं तिकीट काढलेलं दिसत नाही. आयुष्मानचं मानते, ७० वर्षांवरच्या सगळ्यांना ५ लाखांचं कव्हर ही ऑक्टोबर २०२४ ची चांगली गोष्ट आहे, मोठं ऑपरेशन निघालं तर घर वाचतं. पण ते ॲडमिट झाल्यावर. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, ओपीडीची फी त्यात येत नाही, आणि म्हातारपणी पैसा जातो तो महिन्या-महिन्याला याच्यातच.

मेलेल्यांच्या नावावर पेन्शन? हो, जाते. हे नाकारता येत नाही. पण "निम्मी" हा शुद्ध खोटेपणा आहे. सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगने २०१७ ते २०२१ या काळाचं ऑडिट केलं, २०२३ मधे ते संसदेत आलं. मृत्यूनंतरही पेन्शन गेली अशी २,१०३ माणसं, रक्कम सुमारे २ कोटी. त्याच ऑडिटमधे हेही आहे की याच योजनेचे ५७ कोटींहून जास्त रुपये सहा राज्यांनी दुसऱ्याच कामांकडे वळवले. म्हणजे मेलेल्यांच्या खात्यात गेले त्याच्या पंचवीस-तीस पट पैसे सरकारी ऑफिसांनी इकडचे तिकडे केले, आणि मेसेजमधे शिव्या मात्र म्हाताऱ्यांना. आणि उलटं पण होतंच की, कागदावर मृत दाखवून जिवंत माणसाची पेन्शन बंद झाल्याच्या बातम्या आपल्याकडच्या हिंदी पेपरांत येतच असतात. कियोस्कवर अंगठा लागत नाही, भांडी-पोळ्या करून बोटांच्या रेषा गेलेल्या असतात, आणि मग "माताजी, कल आना".

बंद करायची भाषा करण्याऐवजी वाढवायची करा. आंध्रात जुलै २०२४ पासून म्हाताऱ्यांना महिना ४,००० मिळतात. नेपाळ आपल्याहून गरीब, तिथेही २०२१ पासून ४,००० नेपाळी, आपले २,५००. केंद्राने आपले २०० चे १,००० केले तर साधारण २ कोटी २० लाख म्हाताऱ्यांसाठी वर्षाला वरचे २१ हजार कोटी लागतील, बजेटच्या १०० रुपयांत अजून ४२ पैसे. त्याला महागाई भत्त्यासारखं भावाशी जोडा, आणि २००१ च्या जनगणनेची मर्यादा काढून टाका. पार्षदाला, आमदाराला, खासदाराला मेसेज पाठवायचाच असेल तर हा पाठवा, आकडे वर दिलेत.